गाडीने काय लक्षात ठेवायचे, हे कोणी ठरवले?

स्टीअरिंगच्या खाली, चालकाच्या गुडघ्याजवळ, आज जवळजवळ प्रत्येक मोटारीत सोळा पिनांचे एक सॉकेट असते. त्यात काडेपेटीएवढे यंत्र खोचले आणि मोबाइलवर एक ॲप उघडले, की लांबलचक यादी समोर येते. इंजिनचे मिनिटाला होणारे फेरे, गाडीचा वेग, कूलंटचे तापमान, इंजिनने आत ओढलेली हवा, थ्रॉटल किती उघडले आहे, ऑक्सिजन सेन्सरचे व्होल्टेज. यांतले काय नोंदवायचे, ते एकेका ओळीपुढे खूण करून ठरवायचे आणि गाडी चालवायला लागायचे.

यादी दिसायला तटस्थ आहे. मात्र जरा निरखून पाहिले तर तिच्यात एक विचित्र असमतोल जाणवतो. मालकाला सर्वांत आधी जे हवे असते, म्हणजे पेट्रोल किती जळले, ते जुन्या गाड्यांच्या यादीत थेट सापडतच नाही. उलट ज्याचे नावही बहुतेकांनी ऐकलेले नसते, त्या ऑक्सिजन सेन्सरसाठी आठ स्वतंत्र ओळी राखून ठेवलेल्या असतात. पेशवे दप्तर चाळणाऱ्याला यात नवल वाटणार नाही. ज्याला वसुली करायची आहे, तो महसूल लिहून ठेवतो. रयतेच्या सुखदुःखाची नोंद झाली तर वसुलीच्या ओघात. मोटारीतली ही यादीही कोणाच्या तरी कामासाठी तयार झाली, आणि तो कोणी म्हणजे मालक नव्हे. हा धागा त्या यादीच्या इतिहासाचा.

जुलै १९४३ मध्ये लॉस एंजेलिसवर डोळे झोंबवणारे दाट धुके उतरले. युद्धाचे दिवस होते, त्यामुळे शत्रूने विषारी वायू सोडला की काय, अशीही शंका लोकांनी घेतली. पुढे वर्षानुवर्षे ते धुके येत राहिले. त्याचे मूळ शोधले आरी हागेन-स्मिट या डच वंशाच्या जीवरसायनशास्त्रज्ञाने. कॅलिफोर्नियातील कॅलटेक संस्थेत तो अननसाच्या स्वादाची रासायनिक घडण अभ्यासत होता. वासाचे सूक्ष्म अंश पकडण्याची तीच हातोटी त्याने शहराच्या हवेवर वापरली. १९५० च्या दशकाच्या प्रारंभी त्याने दाखवून दिले, की मोटारींतून आणि तेलशुद्धीकरण कारखान्यांतून निघणारे हायड्रोकार्बन व नायट्रोजन ऑक्साइड यांच्यावर ऊन पडले की हे धुके तयार होते. तेल कंपन्यांनी हा निष्कर्ष खोडून काढण्याचे प्रयत्न केले. तो टिकला. १९६७ मध्ये कॅलिफोर्नियाने हवा संसाधन मंडळ स्थापन केले आणि त्याचे पहिले अध्यक्षपद हागेन-स्मिटकडेच आले.

१९७० च्या अमेरिकी स्वच्छ हवा कायद्याने मोटारींच्या धुरातील प्रमुख घटक सुमारे नव्वद टक्क्यांनी घटवण्याचा आदेश दिला. कंपन्यांनी अशक्य म्हणून ओरड केली. मुदती पुढे ढकलल्या गेल्या, पण दिशा बदलली नाही. १९७५ च्या गाड्यांत सायलेन्सरच्या वाटेवर कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आला. पुढे तिन्ही घटक एकाच वेळी निपटणारा कन्व्हर्टर निघाला आणि त्याने एक कडक अट घातली: एक ग्रॅम पेट्रोलमागे हवा १४.७ ग्रॅमच हवी. किंचित कमी-जास्त झाले तरी त्याचे काम बिघडते.

कार्ब्युरेटरला हा काटेकोरपणा झेपणारा नव्हता. म्हणून धुराच्या नळीत ऑक्सिजन सेन्सर बसला. धुरात ऑक्सिजन उरला आहे की नाही, हे तो सतत सांगणार आणि त्यावरून संगणक पेट्रोल थोडे वाढवणार किंवा कमी करणार. व्होल्वोने बॉशच्या साहाय्याने १९७६ मध्ये ही व्यवस्था कॅलिफोर्नियासाठीच्या गाड्यांत आणली. मोटारीत संगणक शिरला तो मुख्यतः या एका अपूर्णांकाची राखण करायला. यादीतल्या त्या आठ ओळींचे मूळ इथे आहे.

संगणक आला तशी त्याच्या पोटातली आकडेवारी बाहेर काढण्याची गरज निर्माण झाली; ती प्रथम भासली कारखान्याला. जनरल मोटर्सने १९८१ पासून आपल्या अमेरिकेतील पेट्रोल गाड्यांत संगणकीय नियंत्रण सरसकट आणले. त्यासोबत डॅशबोर्डखाली जे सॉकेट आले, त्याच्या नावातच ‘असेंब्ली लाइन’ हे शब्द होते. तयार गाडी कारखान्याबाहेर पडण्यापूर्वी तपासता यावी, एवढाच त्याचा मूळ हेतू. त्यातून माहिती सेकंदाला १६० बिट इतक्या संथ गतीने येई. आकड्यांचा एक पूर्ण संच यायला सेकंदाहून अधिक वेळ लागे.

कारखान्यासाठी ठेवलेले हे दार गॅरेजवाल्यांनी फार लवकर शोधून काढले. सॉकेटमधील दोन टोके साध्या पेपरक्लिपने जोडली, की ‘चेक इंजिन’ दिवा लुकलुकू लागे: एकदा, थांबून दोनदा. हा संकेत क्रमांक १२, म्हणजे यंत्रणा बोलायला तयार आहे. त्यानंतरच्या लुकलुकण्यातून बिघाडाचा क्रमांक मोजायचा. मात्र फोर्डचे सॉकेट निराळे, क्रायस्लरचे निराळे, जपानी गाड्यांचे तर आणखी निराळे. ज्या मेकॅनिककडे सगळ्या कंपन्यांच्या गाड्या येत, त्याची पंचाईत झाली. अनेक गिऱ्हाइकांना नाइलाजाने कंपनीच्या अधिकृत कार्यशाळेची वाट धरावी लागे.

कॅलिफोर्नियाच्या मंडळाची अडचण वेगळी होती. नवी गाडी चाचणीत उत्तीर्ण होई, पण चार वर्षांनी तिचा सेन्सर मेलेला किंवा कन्व्हर्टर निकामी झालेला असे आणि मालकाला पत्ताही नसे. गाडी चालत राही, धूर वाढत राही. तेव्हा गाडीनेच स्वतःच्या धुराबद्दल चुगली करावी, असे मंडळाने ठरवले. १९८५ मध्ये संमत झालेला पहिला नियम १९८८ च्या गाड्यांपासून लागू झाला. तो अगदीच जुजबी होता: दिवा लागावा आणि संकेत साठवला जावा. सॉकेट कसे असावे, भाषा कोणती असावी, यावर तो गप्प होता. १९८९ मध्ये मंडळाने दुसरा, कितीतरी कडक नियम स्वीकारला. १९९४ पासून टप्प्याटप्प्याने आणि १९९६ पासून अमेरिकेतील सर्व नव्या मोटारींना तो लागू झाला. आजचे सोळा पिनांचे सॉकेट ही त्याचीच देणगी. प्रदूषण विहित मर्यादेच्या साधारण दीडपट होईल इतका बिघाड झाला, की दिवा लागलाच पाहिजे, ही त्यातली मुख्य कसोटी. कन्व्हर्टर जिवंत आहे का, हे कळावे म्हणून त्याच्या अलीकडे एक आणि पलीकडे एक असे दोन ऑक्सिजन सेन्सर बसवावे लागले.

मग अभियंत्यांच्या संघटनेने प्रश्नोत्तरांची एक प्रमाण भाषा लिहिली. प्रत्येक राशीला एक क्रमांक, प्रत्येक उत्तराला ठरलेले बाइट. ही भाषा कमालीची काटकसरी आहे. तापमानाला एकच बाइट, त्यातून ४० वजा करायचे. म्हणजे उणे ४० ते २१५ अंश सेल्सियस इतकेच तापमान तिला सांगता येते. फेऱ्यांना दोन बाइट आणि त्यांना चाराने भाग. वेगाला पुन्हा एकच बाइट, त्यामुळे ताशी २५५ किलोमीटरपेक्षा अधिक वेग या ओळीत उच्चारताच येत नाही. बिघाड नोंदवला जाताना इंजिनची स्थिती काय होती, याचे एक गोठवलेले चित्र साठवण्याचीही सक्ती झाली. चित्र एकच, त्या एका क्षणाचे. त्याआधीची दहा मिनिटे गाडीवर काय गुजरले, हे लिहून ठेवणे नियमाच्या दृष्टीने अनावश्यक होते. प्रवासभराची नोंद हवी असेल, तर ती करणे मालकाकडे आले, आणि काय नोंदवायचे ही निवडही त्याच्याकडेच आली.

ती निवड त्याला करता येते, याचे श्रेय एका कलमाला द्यावे लागेल, आणि या संपूर्ण इतिहासातील सर्वांत महत्त्वाचा मजकूर तोच आहे. १९९० मध्ये अमेरिकी स्वच्छ हवा कायद्यात जी दुरुस्ती झाली, तिने सांगितले, की या सॉकेटमधून प्रदूषण-निदानाची माहिती घेण्यावर बंधन नसावे. त्यासाठी गुप्त संकेत लागू नये, तसेच फक्त उत्पादकाकडेच मिळणारे उपकरणही लागू नये. हे कलम नसते, तर आजची स्वस्त यंत्रे आणि ॲप जन्मालाच आली नसती. पण कलमाची मर्यादाही त्याच वाक्यात आहे. खुली झाली ती प्रदूषणाशी निगडित माहिती. एअरबॅग, ब्रेक, गिअरबॉक्सचे बारकावे आणि कंपनीच्या स्वतःच्या शेकडो राशी त्या सॉकेटमागे बंदच राहिल्या.

युरोपने २००१ पासून नव्या पेट्रोल गाड्यांना असाच नियम लावला. भारतात त्याचे पहिले रूप एप्रिल २०१० मध्ये आणि दुसरे, पूर्ण रूप एप्रिल २०१३ मध्ये सक्तीचे झाले. एल्म इलेक्ट्रॉनिक्स या कॅनडातील छोट्या कंपनीने या साऱ्या बोलींचे साध्या अक्षरांत भाषांतर करणारी चिप बनवली. तिच्या असंख्य नकला निघाल्या आणि एकेकाळी केवळ गॅरेजला परवडणारे काम काही शे रुपयांत खिशात आले.

यापुढे प्रश्न उरतो तो निवडीचा, आणि तो वरवर दिसतो तितका सोपा नाही. या भाषेत गाडी आपण होऊन बोलत नाही. प्रत्येक राशीसाठी स्वतंत्र प्रश्न विचारावा लागतो. जुन्या, संथ जोडणीवर समजा सेकंदाला पाच उत्तरे मिळतात. दहा ओळींवर खूण केली, तर प्रत्येकीची पाळी दोन सेकंदांनी येते. ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी तेवढ्यात ३३ मीटर पुढे सरकलेली असते, आणि सेकंदाच्या अंशात वरखाली होणारा ऑक्सिजन सेन्सर मध्ये काय म्हणाला, याचा मागमूसही उरत नाही. नव्या गाड्यांतील जलद जोडणीत एका प्रश्नात सहा राशी मागता येतात, तरी सगळ्यावर खूण करण्याचा हावरेपणा तिथेही महागात पडतो. कूलंटचे तापमान दहा सेकंदांतून एकदा विचारले तरी पुरते. फेरे आणि हवा यांना मात्र उसंत देऊन चालत नाही.

एक उदाहरण घ्यावे. सिग्नलला उभी असताना गाडी थरथरते आणि ॲव्हरेज घटले आहे. अशा वेळी ‘फ्युएल ट्रिम’ ही राशी बोलकी ठरते: १४.७ चे प्रमाण राखण्यासाठी संगणक ठरलेल्यापेक्षा किती टक्के अधिक किंवा उणे इंधन देत आहे, हे ती सांगते. नुसता अधिक २० हा आकडा हाती आला, तर मात्र त्यावरून काहीच ठरत नाही. शेजारी फेरे आणि इंजिनवरचा भार नोंदवला असेल तर चित्र उलगडते. उभ्या गाडीत अधिक २० आणि फेरे वाढवताच जवळजवळ शून्य, असे दिसले तर हवा मोजणाऱ्या सेन्सरच्या पुढे कुठेतरी चोरून हवा शिरत असण्याची शक्यता मोठी. उलट भार वाढेल तसा आकडा चढत गेला, तर फ्युएल पंप किंवा फिल्टरवर संशय घ्यावा. एकटा आकडा मुका असतो, ही इतिहासाच्या विद्यार्थ्याची जुनी तक्रार इंजिनलाही लागू पडते.

आणि ज्याला फक्त ॲव्हरेज हवे, त्याचे काय? त्याने हवा आणि वेग या दोन ओळी निवडाव्यात. इंजिन सेकंदाला १० ग्रॅम हवा घेत असेल, तर १४.७ ने भागून पेट्रोल ०.६८ ग्रॅम. तासाला सुमारे २,४५० ग्रॅम, म्हणजे ३.३ लिटरच्या आसपास. वेग ताशी ६० असेल तर लिटरला साधारण १८ किलोमीटर. कन्व्हर्टरने घातलेली अट मालकाच्या अशी अनपेक्षितपणे कामी येते. डिझेल गाडीत मात्र हा हिशेब कोसळतो, कारण डिझेल इंजिन गरजेपेक्षा पुष्कळ अधिक हवा घेऊन चालते. डिझेलच्या या वेगळेपणाने पुढे साऱ्या व्यवस्थेलाच तोंडघशी पाडले.

२०१३ मध्ये वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठातील एका लहानशा गटाने तीन डिझेल गाड्या अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील रस्त्यांवर चालवल्या. स्वच्छ वाहतुकीचा अभ्यास करणाऱ्या आयसीसीटी या संस्थेने हे काम सोपवले होते. गाडीत मागे वायूविश्लेषक आणि त्यांना वीज पुरवायला जनरेटर. एक गाडी तर लॉस एंजेलिसहून सिॲटलपर्यंत जाऊन परत आली. सॉकेटमधून मिळणाऱ्या आकड्यांवर हा गट विसंबला नाही. सायलेन्सरमधून बाहेर पडणारे नायट्रोजन ऑक्साइड त्यांनी खऱ्या रस्त्यावर, खऱ्या चढउतारांवर क्षणोक्षणी नोंदवले. फोक्सवॅगन जेटाचा आकडा मर्यादेच्या १५ ते ३५ पट निघाला आणि पसाटचा ५ ते २० पट. तिसरी गाडी, बीएमडब्ल्यूची, बहुतांशी मर्यादेत राहिली. चमत्कारिक बाब ही, की त्याच दोन फोक्सवॅगन प्रयोगशाळेतील रोलरवर निर्दोष ठरत होत्या.

१८ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकी पर्यावरण संस्थेने कंपनीला नोटीस बजावली तेव्हा त्यामागचे तंत्र उघड झाले. स्टीअरिंगची स्थिती, वेग, इंजिन किती वेळ चालू आहे आणि हवेचा दाब यांवरून गाडीचा संगणक आपली परीक्षा चालू आहे की नाही, हे ओळखत होता. रोलरवर चाके फिरतात, पण स्टीअरिंग कोणी वळवत नाही. एवढी खूण त्याला पुरे. परीक्षा असेल तेव्हा शुद्धीकरण पूर्ण, एरवी शिथिल. नियामकाने गाडीवर पाळत ठेवण्यासाठी आकडे निवडले होते, कंपनीने नियामकावर पाळत ठेवण्यासाठी. जगभरात सुमारे १ कोटी १० लाख गाड्यांत हे सॉफ्टवेअर होते. त्या लाखो मालकांपुढचा दिवा लागण्याचे काही कारणच नव्हते, कारण यंत्राचा कोणताही भाग मोडलेला नव्हता.

चाकणला कारखाना असलेल्या या कंपनीच्या भारतातील गाड्यांची तपासणी पुण्याच्या एआरएआयने केली, तीच संस्था जिच्यामुळे वेताळ टेकडीच्या एका भागाला अवघे पुणे ‘एआरएआय टेकडी’ म्हणते. प्रयोगशाळेतील आणि रस्त्यावरील आकड्यांत तफावत आढळली आणि डिसेंबर २०१५ मध्ये कंपनीने सुमारे ३ लाख २३ हजार गाड्या परत बोलावण्याचे जाहीर केले. ज्या पीयूसी प्रमाणपत्रासाठी भारतीय मालक पेट्रोल पंपाशेजारच्या टपरीसमोर उभा राहतो, त्या चाचणीला ही लबाडी कधीच दिसली नसती. पीयूसीत पेट्रोल गाडीचा कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोकार्बन आणि डिझेल गाडीच्या धुराची घनता पाहतात, तीही गाडी जागेवर उभी असताना. नायट्रोजन ऑक्साइड तिच्या यादीतच नाही. खऱ्या रस्त्यावर मोजणी करण्याची अट भारतातील नव्या मोटारींना एप्रिल २०२३ पासून लागू झाली.

दरम्यान सॉकेटला वळसा घालणारी एक वाट तयार झाली होती. नव्या गाड्या आपले आकडे मोबाइल जाळ्यातून थेट कंपनीकडे पाठवू लागल्या आणि १९९० च्या कलमाची हुकमत सॉकेटपाशीच संपत होती. मॅसॅच्युसेट्स राज्याने २०१२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचा कायदा केला, पण बिनतारी माहिती त्यातून मुख्यत्वे वगळली गेली. २०२० मध्ये तेथील मतदारांनी सुमारे ७५ टक्के कौल देऊन तीही मालकाला आणि त्याच्या पसंतीच्या गॅरेजला खुली करण्याचा आदेश दिला. गाड्यांच्या सुरक्षेला धोका पोहोचेल, असे सांगत कंपन्या न्यायालयात गेल्या आणि खटला वर्षानुवर्षे रेंगाळला.

मालकाला सर्वांत आधी हवी असलेली ओळ युरोपात अखेर सक्तीची झाली. जानेवारी २०२१ पासून तिथल्या प्रत्येक नव्या पेट्रोल, डिझेल आणि प्लग-इन हायब्रिड मोटारीला आपल्या आयुष्यभरात जाळलेले इंधन व कापलेले अंतर स्वतःच नोंदवावे लागते. यावर आधारलेला युरोपीय आयोगाचा पहिला अहवाल मार्च २०२४ मध्ये आला. पेट्रोल आणि डिझेल गाड्यांचे प्रत्यक्ष उत्सर्जन कागदावरील आकड्याहून सुमारे २० टक्के अधिक निघाले. प्लग-इन हायब्रिड गाड्यांचे तर साडेतीनपट, कारण चार्जिंगची तार लोक गृहीत धरले होते तितक्या वेळा लावतच नव्हते. हे आकडे गाडी कंपनीमार्फत किंवा ठरावीक मुदतीच्या तपासणीत गोळा होतात आणि कोपनहेगनमधील युरोपीय पर्यावरण संस्थेच्या दप्तरी पोहोचतात. आपल्या गाडीचा आकडा द्यायचा नसेल, तर तसा स्पष्ट नकार नोंदवण्याची मुभा मालकाला ठेवलेली आहे.